फेफरे, फिट, अपस्मार : घराघरात लपवलेला आजार

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनाला वक्ता उभा राहिला की तो शिक्षणावर बोलतो, संघटनेवर बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण यंदा कार्यकारिणीने विषय आमच्यावर सोडला, तेव्हा ज्यावर कुणी चारचौघांत तोंड उघडत नाही असा विषय आम्ही घेतला आहे. फेफरे. कुणी फिट म्हणते, कुणी आकडी, कुणी मिरगी. पुस्तकी शब्द अपस्मार.

आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण गिरणीच्या मधल्या सुट्टीत आणि वाचनालयाच्या बाकावर. पण ज्याला कळते त्याला विचारायचे, आणि विचारलेले चार माणसांत सांगायचे, ही सवय आम्हाला चळवळीने लावली. त्या सवयीने आज बोलतो.

आधी हिशोब बघा. आपल्या देशात ठिकठिकाणी झालेल्या पाहण्या सांगतात की दर हजार माणसांमागे पाच ते सहा जणांना हा आजार असतो. २०११ च्या जनगणनेत पेण आणि रोहा हे दोन तालुके मिळून वस्ती तीन लाखांच्या वर भरली. म्हणजे या दोन तालुक्यांत दीड हजार ते अठराशे माणसे फिटची असली पाहिजेत. आता सांगा, तुम्हाला किती माहीत आहेत? आपल्या आळीतला एखादा, मावशीच्या गावातली एखादी. मग बाकीचे गेले कुठे? कुठे गेले नाहीत, आपल्याच घरात आहेत. पोरगीचे लग्न मोडेल म्हणून लपवलेत, पोराची नोकरी जाईल म्हणून लपवलेत. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा असा, की जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि नीट औषध मिळाले तर त्यातल्या शंभरातल्या सत्तर जणांच्या फिट थांबू शकतात. पण गरीब देशांत चारातल्या तिघांपर्यंत ते औषध पोचतच नाही. आजाराला औषध आहे आणि आजारी औषधाविना आहे, यासारखी चीड आणणारी गोष्ट दुसरी नाही.

आम्ही १९८७ साली मुंबईच्या एका गिरणीत बदली म्हणून लागलो. ८२ चा संप होऊन गेला होता, जुनी माणसे उद्ध्वस्त होऊन गावी गेली होती आणि आमच्यासारखी पोरे रोज गेटवर उभी राहायची, बदली मिळाली तर आत, नाहीतर माघारी. आमच्याबरोबर एक जोडीदार होता, कोकणातलाच. साचा खात्यात काम करायचा. हात असा साफ की मुकादमसुद्धा कौतुक करायचा. त्याला तिसऱ्या पाळीत, पहाटेच्या सुमाराला फिट आली. चालू साच्यापाशी पडला. नशीब की मागे पडला, पुढे नाही. मग जे होते ते सगळे झाले. कुणी चप्पल नाकाला लावली, कुणी मुठीत किल्ल्या कोंबल्या, एकाने डब्यातला चमचा दातांत घातला. फिट आपली आपण थांबली. ती थांबणारच होती. पण चमच्याने पुढचा दात तुटला तो तुटलाच. आणि बाकीचे दहा-पंधरा जण लांब भिंतीशी उभे, कारण त्याच्या तोंडाचा फेस अंगाला लागला तर आपल्यालाही होईल अशी भीती.

पुढे त्याची बदली बंद झाली. लेखी काही नाही. गेटवर नाव पुकारायचे थांबले, एवढेच. आम्ही चार जण जाऊन बोललो, युनियनच्या माणसाला भेटलो, पण बदलीवाल्याची बाजू कोण घेतो? मग आम्ही त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले : झोप किती होते, आणि गोळ्या वेळेवर घेतोस का? तो गोळ्या आधीपासून घेत होता, पण लपूनछपून. डबा खोलीवर राहिला की दोन दोन दिवस गोळी चुकायची. आणि बदलीवाल्याला पाळी ठरलेली नसते, आज पहिली, उद्या तिसरी, झोपेचा पार विचका. डॉक्टर म्हणाले, रात्रपाळी सोड, गोळी चुकवू नको. त्याने भाजीची गाडी लावली. त्यानंतर सहा वर्षे आमची गाठभेट होती, त्या सहा वर्षांत एकदाही फिट आली नाही. कामगार म्हणून आम्हाला एवढेच म्हणायचे आहे, की त्या माणसाला दिवसपाळी आणि चालत्या साच्यापासून दूरचे काम दिले असते तर गिरणीचे काही बिघडले नसते. घडी खाते होते, गोदाम होते. आज धाटावच्या कारखान्यांत आपली पोरे कंत्राटावर पाळ्या करतात. त्यांच्यातही असा कुणी असेल. त्याने सुपरवायझरला सांगावे की नको, हे त्याच्या पोटाचा प्रश्न बघून ठरते, आम्हाला ठाऊक आहे. पण जोडीदाराला तरी सांगून ठेवा. पडलात तर काय करायचे हे एकाला तरी माहीत हवे.

आता हे होते कशाने? मेंदूचे काम बारीक विजेवर चालते. लाखो तारा एकमेकींना ठराविक रीतीने निरोप देतात. गिरणीत कसे असायचे, एखाद्या खात्यात शॉर्ट झाला तर तेवढ्या खात्यातले दिवे फडफडायचे, आणि कधी मेन लाईनच उडायची, सगळी गिरणी अंधारात. मेंदूचेही तसेच समजा. एकाच भागात विजेचा गोंधळ झाला तर एकच हात उडतो, किंवा माणूस टक लावून बघत राहतो, ओठ चावतो, कपडे चाचपतो, विचारलेले त्याला समजत नाही आणि नंतर आठवतही नाही. कुणाला आधी घाण वास येतो, कुणाला पोटातून भीती वर चढते. आणि गोंधळ सगळ्या मेंदूत पसरला की माणूस कडक होऊन पडतो, हातपाय झाडतो, फेस येतो, कधी कपड्यात लघवी होते. जर्मनीत हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरने १९२४ साली डोक्याला तारा लावून माणसाच्या मेंदूतली ही वीज पहिल्यांदा कागदावर उतरवली. तीच आजची ईईजी. डोक्याला तारा लावतात म्हणजे शॉक देतात असे बायका आम्हाला सांगतात. शॉक देत नाहीत. आत चाललेली वीज फक्त मोजतात, दुखत नाही.

लहान मुलांत एक प्रकार असतो, त्यात पोर पडत नाही. बोलता बोलता पाच-दहा सेकंद थांबते, डोळे शून्यात, परत सुरू. दिवसात पुष्कळ वेळा. शाळेत गुरुजी म्हणतात लक्ष नाही, घरी बाप मारतो. त्या पोराला मार नको, तपासणी हवी.

कारणे एक नाहीत. बाळंतपणात बाळ गुदमरले, मेंदूला ताप चढला, क्षयाची गाठ झाली, डोक्याला मार लागला. मुंबई-गोवा रस्त्यावर हेल्मेटशिवाय मोटरसायकल पळवणाऱ्या पोरांनी हे शेवटचे कारण नीट ऐकावे. लकव्यानंतर येते, अति दारूने येते. आणि कितीतरी जणांत तपासूनही कारण सापडत नाही. लहान मुलाला नुसत्या तापात एखादी आकडी आली म्हणजे त्याला अपस्मार झाला असे नव्हे, पण डॉक्टरला दाखवायचेच.

एका कारणावर थोडे थांबतो, कारण त्यावरून आपल्या लोकांना टोमणे ऐकावे लागतात. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर मेंदूत त्यांच्या गाठी होतात आणि फिट येतात. हे ऐकले की काही मंडळी नाक मुरडतात, म्हणतात हा तुमच्या खाण्याचा आजार. त्यांना नीट सांगा. कच्चे राहिलेले मांस खाल्ले तर आतड्यात जंत होतो. पण मेंदूतल्या गाठी होतात त्या जंताच्या अंड्यांनी, आणि अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. उघड्यावर शौचाला बसले, पावसाने ती घाण शेतात, विहिरीत गेली, त्या पाण्यावरची कोथिंबीर न धुता खाल्ली, की जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसाच्या डोक्यातही गाठ होते. तिथे जात कामाला येत नाही. संडास, साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ पाणी कामाला येते.

भन्ते समोर बसलेत म्हणून एक गोष्ट मुद्दाम काढतो. विनयपिटकात महावग्गात गोष्ट आहे. मगध देशात पाच रोग फार पसरले होते : कुष्ठ, गळू, त्वचेचा रोग, क्षय आणि अपमार. हा पालीतला अपमार म्हणजेच आपला अपस्मार. लोक जीवक वैद्याकडे जायचे. जीवक म्हणे, बिंबिसार राजाचे आणि भिक्खू संघाचे उपचार करण्यातच माझा वेळ जातो. मग लोकांनी युक्ती केली. चीवर घ्यायचे, जीवकाकडून फुकट उपचार करून घ्यायचे, बरे झाले की चीवर उतरवायचे. जीवकाने तथागतांना विनंती केली आणि नियम झाला की या पाच रोगांच्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये. आजही उपसंपदेच्या वेळी हा प्रश्न विचारतात.

हा नियम आजच्या माणसाला खटकेल, आणि खटकला तर बिघडले नाही. आम्हाला त्यातून दुसरीच गोष्ट दिसते. अडीच हजार वर्षांपूर्वीचे ते लोक फेफरे आले म्हणून मांत्रिकाकडे गेले नाहीत, वैद्याकडे गेले. आणि विनयाने अपमाराला भूत-पिशाच्चांच्या यादीत घातला नाही, क्षयाच्या शेजारी, रोगांच्या यादीत घातला. ग्रीस देशात हिपोक्रॅटिसच्या वैद्यांनीही सुमारे २४०० वर्षांपूर्वी लिहून ठेवले की हा आजार दैवी नाही, मेंदूचा आहे. आपल्याकडे चरकसंहितेत अपस्माराच्या उपचाराचे प्रकरण आहे. एवढे सगळे असताना आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, रात्री अंधारात कोंबडा आणि नारळ घेऊन डोंगरावरच्या भगताकडे जातो! आम्ही कुणाचे नाव घेत नाही. ज्यांना लागले त्यांना लागले.

भगताकडे काय होते? धूर देतात, केस धरून झाडाने झोडपतात, कुठे साखळीने बांधतात, कुठे चटके देतात. फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून भगताला वाटते आपण थांबवली, आणि घरच्यांनाही तसेच वाटते. त्याचा धंदा या दोन मिनिटांवर चालतो. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडून त्याच वर्षी २० ऑगस्टला जीव गमावला, त्यानंतर झाला. भूत उतरवतो म्हणून माणसाला बांधणे, मारणे, चटके देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि पोरगी भगताच्या दारात असते. मधले अंतर आपण चालायचे. आदिवासी वाडीवरचा भगत असेल तर त्याच्याशी भांडू नका, आमचा अनुभव आहे, त्याला समजावले तर तोच पुढच्या वेळी म्हणतो, आधी दवाखान्यात दाखवून या.

आता भगिनींनी जरा पुढे सरकून ऐकावे. हा आजार पुरुषालाही होतो, पण त्याची शिक्षा बाईला जास्त होते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि अपस्माराचे वारंवार झटके येणाऱ्या व्यक्तीला वेडेपणाच्या झटक्यांच्या ओळीत बसवले, म्हणजे ते लग्न रद्द करायला वाट झाली. आपण धम्मदीक्षा घेतली तरी लग्नाच्या बाबतीत बौद्धांना तोच कायदा लागू होतो, हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणजे आपल्या पोरींनाही तो लागू होता. तेवीस वर्षे हा शब्द कायद्यात होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो काढला. त्यासाठी मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी पाठपुरावा केला होता. आणि २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट सांगितले की अपस्मार हा बरा न होणारा आजार नाही, मानसिक विकारही नाही, त्या कारणावर घटस्फोट मिळणार नाही.

म्हणून लपवू नका. लपवून लग्न लावले की सासरी गोळ्या घ्यायची चोरी. गोळ्या सुटल्या की फिट येते, नेमकी चुलीपाशी किंवा विहिरीच्या काठावर. मग फसवणूक केली म्हणून ओरड होते आणि पोरगी माहेरी. आधी सांगा, डॉक्टरचा कागद दाखवा. चार स्थळे जातील, जाऊ द्या. पुण्यात संवेदना फाऊंडेशन म्हणून या रुग्णांचा स्वमदत गट आहे, यशोदा वाकणकर यांनी उभा केलेला. अनिल अवचटांची ही मुलगी, तिने स्वतः हा आजार भोगला आहे. तिथे रुग्ण एकमेकांशी उघड बोलतात, लग्नेही जुळवतात. असा गट पेणला का होऊ नये? गणपतीच्या कारखान्यांना वर्षभर माणसे जमवणारे गाव आहे ते.

गरोदरपणाविषयी एक वाक्य, पण मोलाचे. फिटच्या बहुतेक बायकांना चांगली मुले होतात. मात्र सोडियम व्हॅल्प्रोएट नावाच्या गोळीने पोटातल्या गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून मूल हवे असेल तर दिवस जाण्याच्या आधी डॉक्टरशी बोलून गोळी बदलून घ्यायची. आपल्या मनाने बंद करायची नाही.

बंद करायची नाही, हे सगळ्यांनाच. फिट महिनाभर आली नाही की आपली माणसे म्हणतात, बरा झाला, आता कशाला पैसे घाला. गोळी एकदम सोडली की अशी फिट येते की थांबतच नाही, माणूस जातो. फिट न येता दोन-तीन वर्षे गेली की डॉक्टर बघून हळूहळू कमी करतात. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटोइन १९३८ पासून, ही जुनी औषधे फार महाग नाहीत. पेण आणि रोह्याच्या सरकारी दवाखान्यात आधी दाखवा. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. तिथून अलिबागला जिल्हा रुग्णालय, आणि गरज लागली तर मुंबईला केईएम, सायन, नायर, जे.जे. येथे मेंदूविकाराचे विभाग आहेत. मुंबईच्या एपिलेप्सी फाऊंडेशनने आरोग्य खात्याबरोबर गावोगावी शिबिरे घेतली आहेत. आपल्याकडे शिबीर मागायला हा विहार पत्र देऊ शकतो. कार्यकारिणीने ते आजच लिहावे. फिट येताना घरातल्या पोराने मोबाईलवर चित्रण केले तर डॉक्टरला फार उपयोग होतो. आला गेला मोबाईल आपण लग्नाच्या वरातीतच वापरतो.

सांभाळायचे ते असे. कुंडलिकेवर कपडे धुवायला, खाडीत मासे धरायला एकटे जायचे नाही. भात खाचरातल्या वीतभर पाण्यात तोंड पालथे झाले तरी जीव जातो. चुलीभोवती आडोसा करा. विहिरीचे पाणी दुसऱ्याने काढावे. मिनीडोर, विक्रम चालवणाऱ्याला फिट येत असेल तर त्याने गाडी चालवू नये. परवान्याच्या अर्जातच तो प्रश्न असतो आणि पोट भरायचे म्हणून खोटे लिहिले तर मागे दहा जीव बसलेले असतात. बाकी शाळा, खेळ, शेती, संसार यातले काहीही अडत नाही. जॉन्टी ऱ्होड्स आठवतो ना? १९९२ च्या विश्वचषकात झेप घेऊन इंझमामला धावबाद करणारा. त्याला अपस्मार आहे आणि त्याने तो उघडपणे सांगितला.

शेवटचे काम हाताने करायचे आहे. फेस लागून हा आजार होत नाही. तरी लोक शिवत नाहीत. ज्या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यावर शिवाशिवीला आव्हान दिले, त्या जिल्ह्यात पडलेल्या माणसाला आपण शिवत नाही, हे बरे दिसत नाही. तेव्हा तरुण मंडळातल्या दोघांनी पुढे या, चटई मध्ये टाका. तू आडवा हो. हा पडला आहे असे समजा. घड्याळ कुणी बघायचे? तुम्ही बघा, वहिनी. आधी आजूबाजूची खुर्ची, दगड, विळा बाजूला. डोक्याखाली टॉवेल. चष्मा काढा, गळ्याचे बटण सैल करा. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही घालायचे नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. चप्पल पायातच ठेवा. झटके थांबले की असा कुशीवर वळवायचा, म्हणजे थुंकी बाहेर येते, घशात जात नाही. फेस फार येत असेल तर आधीच वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्धीवर न येता दुसरी आली, बाई गरोदर असेल, पाण्यात पडला असेल किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल तर १०८ ला फोन. नाहीतर शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसून राहायचे, गर्दी हटवायची, कपडे ओले झाले असतील तर वर चादर टाकायची. आता बायकांनी करून बघा. आणि ज्यांना आमच्याशी किंवा आलेल्या नर्सताईंशी एकट्याने बोलायचे असेल त्यांच्यासाठी मागची ग्रंथालयाची खोली उघडी ठेवली आहे, जेवणाची पंगत उठेपर्यंत आम्ही तिथे बसून आहोत. जयभीम.